सर्टिफिकेटवाली सुईण

माझं अक्षर किरटं आहे. वेलांटी कुठे पहिली द्यायची आणि कुठे दुसरी हे चौथीत असतानाही मला जमत नव्हतं, आता तर विचारूच नका. हात सदा तेलाचे, म्हणून कागदावर बोटांचे डागही पडलेत. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. तसं वाचणारं कोण आहे म्हणा. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, कागदापुढे फुटतो, म्हणून माझ्यापुरतं लिहिते आहे.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हा माझा धंदा. कोल्हापुरातल्या पेठांमधून मी या कामासाठी उभी हयात चालले. मंगळवार पेठेतून शुक्रवारात, तिथून राजारामपुरीत. लोक मला इंदूमावशी म्हणतात.

काम सांगायला सोपं आहे. सकाळी घरी जायचं. आधी बाळंतिणीचं अंग चोळायचं, कंबर आणि पाय जास्त. टाके पडले असतील तर डॉक्टर सांगेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. तिची अंघोळ झाली की बाळ. पाटावर बसून पाय लांब करायचे, साडी वर खोचायची आणि बाळाला पायांवर पालथं घ्यायचं. पाणी कोपरानं बघायचं, बोटानं नाही, कारण आमची बोटं मेलेली असतात, त्यांना कढत कळत नाही. पहिल्या दिवशी बाळ रडतं आणि त्याच्याबरोबर आईही रडते. चार दिवसांनी तेच बाळ पाठीवर पाणी पडलं की डोळे मिटून घेतं, देवळात बसल्यासारखं. ते बघण्यासाठी मी पैसे न घेताही हे काम केलं असतं, पण हे कुठल्या घरी बोलून दाखवलं नाही.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका घरात बाळाचे वडील कॉलेजात शिकवणारे होते. ते घंगाळात थर्मामीटर घालून उभे राहायचे. मी कोपर घालायची, ते थर्मामीटर घालायचे, दोघांचं एकमत झालं की अंघोळ सुरू. राजारामपुरीतल्या एका आजींनी तेलाच्या बाटलीला कपाळाची टिकली चिकटवून ठेवली होती. तेल टिकलीच्या खाली गेलं की त्या विचारायच्या, "इंदू, बाळ तेल पितंय काय गं?" आणि एका घरात पुण्याच्या आजोबांना फोनवरून अंघोळ दाखवायची होती. काकूनं फोन धरला होता, तो सुळकन घंगाळात गेला. काकू किंचाळली, "अगं बाई, मामंजी बुडले!" बाळासकट सगळे हसले. मीसुद्धा हसले, पण पदर तोंडाला लावून.

हे सगळं खरं असलं तरी मला लिहायचं आहे ते आप्पांच्या घरच्या बाळंतपणाचं.

आप्पा गंगावेशीत राहतात. त्यांच्याकडे म्हशी आहेत. संध्याकाळी म्हशी दूध कट्ट्यावर नेऊन बांधायच्या, गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं राहणार आणि आप्पा त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसासकट दूध हातात देणार. पाणी घातलं की नाही हा प्रश्नच नाही. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट डोळ्यांदेखत असली तरच खरी, असं त्यांचं ठाम मत. आवाज असा की म्हशीशी बोलत असले तरी पलीकडच्या गल्लीला वाटावं भांडण लागलंय. त्यांना एकच मुलगी, सारिका. तिला लहानपणी मीच पायावर न्हाऊ घातलं. ती कॉलेजात असताना तिची आई गेली. पुढे कुरुंदवाडला चांगल्या घरी तिचं लग्न झालं. ऊस आहे, जावई निर्व्यसनी आहे आणि सासू कडक आहे.

सारिकाच्या डोहाळजेवणाला माहेरची बाई म्हणून आप्पांनी मला कुरुंदवाडला नेलं. ओटी भरून झाली, जेवणं झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही तर रीतच. आप्पा म्हणाले, "मग विहीणबाई, पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो. पोरीला न्यायला."

विहीणबाईंचं नाव सुशीलाक्का. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आप्पा, राग मानू नका. तुमच्या घरात बाईमाणूस न्हाई. उद्या पोरीच्या पोटात कळ आली तर कुणाला सांगंल? तुमाला? का म्हशीला?"

बायका हसल्या. आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी हाय की," ते म्हणाले.

"तुमी हायसा, पण तुमाला काय कळतंय? माझ्या भाचीचं बाळंतपण मळ्यात एका न शिकलेल्या बाईनं केलं. पोरगी वाचली ते नशीब. मला पुन्ना तसला घोर नको." मग जरा आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुमच्या जवळपास शिकलेली सुईण असंल, नर्सचं शिक्षण झालेली, सर्टिफिकेटवाली, आणि ती म्हणाली मी हाय, तर पोरीला पाठवतो. न्हाईतर हितंच होऊ दे. आमाला काय ती जड न्हाई."

बोलणं कडक होतं, पण खोटं नव्हतं. मला राग येत नव्हता आणि तेच अवघड वाटत होतं.

मी परसात हात धुवायला गेले तर सारिका मागोमाग आली. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत, आणि डोळे भरलेले. "मावशी, मी आप्पांकडंच जातो. आईच्या खोलीत झोपतो. हितं सगळी चांगली हायत गं, पण मला तिथं जायचंय. काय तरी कर की."

मी मान हलवली. काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं.

येताना एस्टीत आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "मावशी, सुईण तुमी शोधायची."

"मी?"

"मग काय मी? मला फक्त म्हशीचा डॉक्टर म्हायती हाय."

सगळी एस्टी आमच्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल की हिचं सगळं आयुष्य बाळंतिणींच्या घरात गेलं, हिला सुईण सापडायला काय उशीर? पण माझं काम बाळ घरी आल्यावर सुरू होतं. त्याच्या आधीचं जग वेगळं. तिथे पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक बाई आम्हाला सिस्टर. कोण किती शिकलंय, कुणाला काय करायची परवानगी आहे, हे आम्ही कुणाला कधी विचारलेलंच नाही.

पहिल्यांदा आप्पा मला जुन्या सुईणीकडे घेऊन गेले. राधाबाई. आप्पांचा जन्मही त्यांच्याच हातचा. त्या ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. आप्पांनी ओरडून विचारलं, "राधाक्का, सर्टिफिकेट हाय काय?"

"सर्टिफिकेट? ह्या गल्लीतली निम्मी माणसं माझी सर्टिफिकेटं हायत. तू पण एक हायस, जरा फाटकं." मग त्यांनी हातानं चाचपून आप्पांचा दंड धरला. "पण बाबा, मला आता दिसत न्हाई. आणि दिसत होतं तवा पण लई वेळा देवावर हवाला ठेवून केलं. सगळीच वाचली न्हाईत रे. तू शिकलेलीच बघ."

परत येताना आप्पा स्वतःच्याच दारावरून पुढे निघून गेले. त्यांच्या बाबतीत ही बातमीच.

दुसरी एक बाई स्कूटरवरून घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायची. तिचं नाव लिहीत नाही. ती म्हणाली, "व्हय, मी करतो की डिलिव्हऱ्या. घरात पण करतो."

"सर्टिफिकेट दाखवा," आप्पा म्हणाले.

"घरात हाय."

"चला घरी."

"तसं न्हवं, गावाकडच्या घरात हाय."

"म्हैस हितं आणि धार गावाकडं?" आप्पा म्हणाले. "असलं दूध आमी विकत न्हाई."

बाईनं स्कूटरला किक मारली. मला तिची दयाही आली. तिचाही पोटाचाच प्रश्न असणार. पण सारिका डोळ्यांपुढे आली आणि दया ओसरली.

तिकडे कुरुंदवाडला सारिका फोनवर शोधत होती. संध्याकाळी तिचा फोन यायचा. "मावशी, मुंबईत हायत, पुण्यात हायत, एक बाई तर परदेशात हाय, ती फोनवरून शिकवती म्हणं."

आप्पा म्हशीच्या पलीकडून ओरडायचे, "परदेशातली गंगावेशीत कधी पोचणार? विचार तिला, पंचगंगेला पूर आला तर येणार हाय काय!"

दिवस भरत चालले. सुशीलाक्कांनी सारिकाचं कुरुंदवाडच्या दवाखान्यात नाव घालायची तयारी केली. आप्पांनी ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी त्यांनी गिऱ्हाइकाच्या ग्लासाबाहेरच धार सोडली. मी समोरून बघितलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा मला ठरवावंच लागलं. कारण खरं सांगायचं तर एक सिस्टर मला माहीत होत्या आणि मी त्यांचं नाव घ्यायचं टाळत होते.

कांबळे सिस्टर. गंगावेशीपासून चालत जाण्यासारख्या एका लहान प्रसूतिगृहात असतात. माझ्या एखाद्या बाळंतिणीला ताप भरला, अंगावरून जास्त जायला लागलं, की मी घरच्यांना म्हणायची, "कांबळे सिस्टरना दाखवा." मी स्वतः मात्र जायची नाही. त्याचं कारण असं. काही वर्षांमागे त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. मला वाटलं, काही चुकलं असेल. गेले तर खोलीभर गरोदर बायका बसलेल्या. सिस्टर म्हणाल्या, "ह्या इंदूमावशी. बाळाला कसं धरायचं ते ह्यांच्याकडून शिका. असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितलेला नाही. फक्त मावशी, कानात तेल घालायचं बंद करायचं हं, आणि धुरी पण नको, बाळाच्या छातीला त्रास होतो." असं म्हणून त्यांनी एक बाहुली माझ्या हातात दिली. तेवढ्या सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत, माझं कौतुक चाललंय आणि हातात प्लास्टिकचं बाळ. मला काय झालं कुणास ठाऊक. बाहुली टेबलावर ठेवली आणि मी दाराबाहेर पळाले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी घरी आले. तेव्हापासून सिस्टर समोरून दिसल्या की मी रस्ता ओलांडायची. तेल आणि धुरी मात्र त्याच दिवशी बंद केली.

तर आता आप्पांना घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं.

"चपला न्यायला आलात होय?" त्या म्हणाल्या. "कपाटात आहेत. कोल्हापुरी आहेत म्हणून टाकल्या नाहीत."

मला भुई दुभंगेल तर बरं असं झालं. पण आप्पांना धीर कुठला? ते म्हणाले, "सिस्टर, चपला ऱ्हाऊ द्या. तुमी सुईण हायसा का नर्स हायसा?"

"दोन्ही. आधी नर्सिंग शिकले, त्यातच बाळंतपणाचं शिक्षण झालं, मग त्याचाच वेगळा अभ्यास केला. सरकारी नोंदणी आहे, ती ठरावीक काळानं नवी करावी लागते. सगळं सुरळीत असेल तर बाळंतपण मी करते. काही वेगळं दिसलं तर वेळेत ओळखून डॉक्टरना बोलावते. वेळेत ओळखणं, हेच शिक्षण."

"सर्टिफिकेट?"

सिस्टरनी भिंतीकडे बोट केलं. काचेत लावलेलं होतं. आप्पा जवळ गेले, काचेला नाक लावून बघितलं, मागे हात बांधून परत आले. "इंग्रजीत हाय."

"वाचून दाखवू?"

"तुमचं तुमीच वाचणार, मग ते डोळ्यांदेखत कसं?"

मी आप्पांना डोळ्यांनी खुणावलं. पण सिस्टर हसल्या. "आप्पा, तुम्ही दूध कट्ट्यावरचे ना? तुमच्या दुधाचं सर्टिफिकेट कुठाय?"

"माझं गिऱ्हाइकाच्या समोर असतंय सगळं!"

"मग माझंही समोरच असतंय. बाळंतिणीबरोबर घरची एक बाई मी आत घेते. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं. कोण येणार घरचं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. सिस्टरनीही बघितलं. मी म्हणाले, "मी." इतक्या हळू की दोनदा म्हणावं लागलं.

आप्पांना वाटत होतं सिस्टर घरी येतील. त्यावर त्यांनी साफ नाही सांगितलं. "बाळंतपण इथंच, वर डॉक्टरबाई राहतात, हाकेला येतात. पोरीला आधी आणून दाखवा, तपासण्यांचे कागद आणा. सगळं ठीक असेल तर मी 'हो' म्हणेन. उगीच म्हणणार नाही." आप्पा जाताना माझ्या कानाशी म्हणाले, म्हणजे त्यांच्या मानानं कानाशी, सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं, "ही बाई पाणी घालणारी न्हवं."

सारिकाला दाखवलं, सगळं ठीक निघालं. सिस्टरनी स्वतः सुशीलाक्कांना फोन केला. बराच वेळ बोलल्या. शेवटी फोन आप्पांकडे आला. पलीकडून सुशीलाक्का म्हणाल्या, "शब्दाला जागतो मी. पोरगी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पण दोडका, वांगं देऊ नका तिला." आणि फोन ठेवला. सारिका त्याच दिवसापासून आईच्या खोलीत राहिली. मीही वळकटी घेऊन तिथेच गेले.

कळा सकाळी सुरू झाल्या. आप्पा पहाटेच्या धारा काढून नुकतेच आले होते. त्यांनी दुधाच्या टेम्पोतले कॅन खाली उतरवले, सारिकाला पुढे बसवलं, मी मागे. सगळ्या रस्त्यानं हॉर्नच्या ऐवजी आप्पाच ओरडत होते, "सरका! बाळंतीण हाय! अजून व्हायचीय!"

आत मी भिंतीला टेकून उभी राहिले. सिस्टरनी सारिकाला झोपवून ठेवलं नाही. तिला चालवलं, खिडकीचा गज धरून वाकवलं, पाणी पाजलं. मधून मधून बाळाचे ठोके ऐकायच्या आणि मला ऐकवायच्या. घोड्याच्या टापांसारखे. मला म्हणाल्या, "मावशी, उभ्या काय राहिलात? कंबर चोळा. ते तुमच्याइतकं मला येत नाही." मग माझ्या हातांना काम मिळालं.

बाहेरून दर थोड्या वेळानं आवाज यायचा, "झालं काय?"

शेवटी सिस्टर दार किलकिलं करून म्हणाल्या, "आप्पा, म्हैस व्यायच्या वेळी तुम्ही असं ओरडता काय?"

"न्हाई. म्हशीला शांत लागतंय."

"मग?"

बाहेर जमलेली कट्ट्यावरची माणसं नंतर सांगत होती, आप्पा शेवटपर्यंत तोंडावर टॉवेल धरून बसले होते.

दुपारी बाळ झालं. मुलगी. सिस्टरनी तिला पुसून तशीच सारिकाच्या छातीवर ठेवली, वरून कापड घातलं आणि लगेच पाजायला लावलं. "पहिला चीक वाया घालवायचा नाही. रेडकाला देतात ना, मग?" नंतर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं मावशी?"

मी रडत होते. इतकी वर्षं मी बाळं न्हाऊ घातली, पण बाळ येताना मी कधी बघितलंच नव्हतं. मला मूलबाळ नाही. चौथीत असताना धाकटा भाऊ झाला, त्याला धरायला कुणी हवं म्हणून शाळा सुटली, आणि तेव्हापासून मांडीवर कुणी ना कुणी आहेच. शिकायला मिळालं असतं तर मीही एखादीचा धोका वेळेत ओळखला असता, असं क्षणभर वाटून गेलं. पण मग बाळ शिंकलं आणि ते राहूनच गेलं.

आप्पा जिलेबी आणायला धावले. गंगावेशीत ज्याला त्याला जिलेबी, ओळख असो नसो. "पावणं, तोंड उघडा, नात झाली!" इकडे सुशीलाक्का आणि जावई कुरुंदवाडहून पोचले. सुशीलाक्कांनी बाळाची दृष्ट काढली, सिस्टरचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

घरी सोडायच्या दिवशी आप्पा नवा सदरा घालून बिल भरायला गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "पैसे भरलेत की. परवाच. कुरुंदवाडच्या आक्कांनी."

आप्पा माझ्याकडे आले. आवाज एकदम खाली गेलेला. "मावशी, माझ्या घरात बाई न्हाई म्हणून मी ऐकून घेतलं. आता माझ्या घरात पैसे पण न्हाईत काय? पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय. हे मग कुणाचं झालं?"

त्या दिवसापासून त्या पैशांची वरात सुरू झाली. आप्पांनी फोन केला, सुशीलाक्का म्हणाल्या, "मी काय परकी हाय? नात माझी न्हवं?" पाचवीच्या पूजेला त्या आल्या तेव्हा आप्पांनी पैसे त्यांच्या पिशवीत नारळाखाली सरकवले. दोन दिवसांनी जावई डिंकाचे लाडू घेऊन आला, लाडवांच्या डब्याच्या तळाशी कागदात गुंडाळलेले पैसे. बारशाला आप्पांनी विहिणीच्या मानाच्या साडीच्या घडीत ठेवले. सुशीलाक्कांना संशय आला, त्यांनी भर मांडवात साडी झटकली. नोटा पाळण्याखाली पसरल्या, बायका गाणं थांबवून वेचायला लागल्या. सगळ्या नोटा गोळा करून कुणाकडे दिल्या? माझ्याकडे. "मावशी, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्यात." मी त्या उशीखाली घेऊन झोपत होते आणि झोप येत नव्हती.

सव्वा महिना झाला. सारिकाला न्यायला कुरुंदवाडची मोटार आली. बाळाला काजळ लावलं, ओटी भरली, गल्लीतल्या बायका दारात जमल्या. आणि आप्पा मोटारीपुढे आडवे उभे राहिले.

"आधी पैसे. मग गाडी."

"मी न्हाई घेत, जावा," सुशीलाक्का म्हणाल्या.

"मग पोरगी जात न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे! मी पण ऱ्हातो! जेवायला काय हाय?"

गल्ली हसायला लागली. पण सारिका हसत नव्हती. ती बाळ घेऊन पायरीवर बसली होती, एकदा बापाकडे बघायची, एकदा सासूकडे. तिच्याच्यानं कुणाचीच बाजू घेववत नव्हती. जावई मोटारीत बसून किल्ली फिरवत होता.

मला आजही कळत नाही, मी कशी बोलले. इतकी माणसं होती. मी घरात गेले, उशीखालचं पुडकं आणलं आणि सुशीलाक्कांपुढे धरलं. "आक्का, घ्या की ओ. तुमी चांगल्या मनानं भरलेत, मला ठाऊक हाय. पण सगळ्या कुरुंदवाडासमोर तुमी ह्यांना म्हणालात, तुमच्या घरात बाई न्हाई. त्यांनी सुईण शोधली. पोरीला पेज करून दिली, बाळाची दुपटी धुतली, मी बघितलंय. घरात बाई नसताना माणसानं बाळंतपण केलंय. ते त्यांचं त्यांना ऱ्हाऊ द्या."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आप्पा चक्क म्हशीच्या गोठ्याकडे तोंड करून उभे राहिले.

सुशीलाक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांच्या पाठीकडे. पुडकं घेतलं. मला वाटलं, आता पिशवीत टाकतील. पण त्या मोटारीत बसल्या नाहीत. दारातल्या पायरीवर सारिकाच्या शेजारी बसल्या, पदर खोचला, बोटाला थुंकी लावली आणि एक एक नोट मोजायला लागल्या. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की ओट्यावरच्या राधाबाईंनासुद्धा ऐकू गेलं असेल. एखादी नोट चिकटली तर परत मागे जाऊन मोजायच्या. गल्लीतल्या बायका त्यांच्याबरोबर पुटपुटत मोजू लागल्या. आप्पा हळूच वळले आणि बघत उभे राहिले.

शेवटची नोट झाली. सुशीलाक्कांनी गड्डी उंच धरून सगळ्यांना दाखवली.

"पुरते हायत," त्या म्हणाल्या. "एक कमी न्हाई, एक जास्त न्हाई. ऐका गं सगळ्या, बाळंतपण माहेरानं केलंय. आप्पा, फिटलं."